इंजिनातला दाब आणि टॅक्सीवाल्याचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे राजे, लढाया नाही तर निदान एखादा किल्ला तरी हवा, अशी आपली समजूत असते. मी त्यांपैकी काहीच आणलेले नाही. मी आणला आहे एक पिस्टन. तो टेबलावर ठेवलेला आहे. ज्यांना हातात घेऊन पाहायचा असेल त्यांनी नंतर अवश्य पाहावा, फक्त हाताला काजळी लागेल. प्रीमियर पद्मिनीचा, म्हणजे तुम्हां-आम्हां सर्वांच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा हा पिस्टन आहे आणि त्याच्या डोक्याला मधोमध भोक पडलेले आहे. हे भोक कोणी पाडले, या प्रश्नावरून तीस वर्षांपूर्वी एका चालकाची तीन महिन्यांची कमाई जायची वेळ आली होती. त्या भांडणाकडे मी येणार आहे. पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आपली ही खांदा कॉलनी सिडकोने वसवली. पनवेल मात्र फार जुने. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला तेव्हापासून मुंबई-पुण्याची वाहतूक या गावावरून जात आली. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी दादरहून पुण्याला जाणाऱ्या टॅक्सी इथूनच पुढे खोपोलीकडे जात. घाटाच्या पायथ्याशी जाणता चालक गिअर बदली आणि अजाणता चालक तसाच पाय दाबून धरी. मग इंजिनातून टकटक, टकटक असा आवाज येई. डब्यात खडे घालून हलवावा तसा. कारागीर त्याला ‘ठोका’ म्हणतात, कोणी ‘नॉकिंग’ म्हणतात. माझे आजचे सगळे व्याख्यान या टकटकीविषयी आहे म्हटले तरी चालेल.

सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा ठेवा आणि दांडा जोराने दाबा. हवा दबते आणि पंप गरम होतो. पेट्रोलच्या इंजिनात हेच घडते. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ भरते, पिस्टन वर येऊन ती दाबतो, ठिणगी पडते, जळालेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन तळाशी असताना जी जागा असते आणि तो माथ्याशी आल्यावर जी उरते, त्या दोहोंचे प्रमाण म्हणजे कंप्रेशन रेशो. पुस्तकात त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. गॅरेजमध्ये नुसते ‘कंप्रेशन’ म्हणतात, आणि मीही तसेच म्हणेन. पद्मिनीचा सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गुणाकार केला की एका सिलिंडरचे सुमारे २७२ घनसेंटिमीटर होतात, चारांचे मिळून १०८९. आता दाबल्यानंतर उरणारी जागा ४२ घनसेंटिमीटर आहे असे धरा. २७२ अधिक ४२ म्हणजे ३१४. त्याला ४२ ने भागले की साडेसात येतात. मी पुढचा सगळा हिशेब हा साडेसातचा आकडा धरूनच करणार आहे.

दाब जितका जास्त, तितके त्याच पेट्रोलातून काम जास्त. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने चार धावांचे इंजिन चालवून दाखवले तेव्हा हा दाब अडीचच्या आसपास होता. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत तो सुमारे चार होता. शास्त्राचे सूत्र घेऊन आदर्श इंजिनाचा हिशेब मांडला, तर पाच दाबाला शंभरातले ४७ भाग कामी येतात, साडेसातला ५५ आणि साडेआठला साडेसत्तावन्न. प्रत्यक्ष इंजिनात यातले निम्मेच हाती लागतात, कारण उष्णता पाण्यात आणि धुरात जाते. परंतु आकड्यांचा रोख पाहा. पाचावरून साडेसातला जाण्यात मोठा नफा आहे. साडेसातवरून साडेआठला जाण्यात १०० लिटरमागे ४ लिटर वाचतात, तेही कागदावर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण गॅरेजमध्ये नवशिके पोरगे येऊन ‘हेड घासून द्या, गाडी पळेल’ म्हणते, तेव्हा ते या ४ लिटरांसाठीच काय पणाला लावते आहे ते त्याला ठाऊक नसते.

कारण दाब वाढवला की टकटक येते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातला उरलेला वायू दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतो, एकदम पेटतो, आणि त्याचा हातोडा पिस्टनच्या डोक्यावर बसतो. इंग्लंडात हॅरी रिकार्डो याने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला. दाब कमीजास्त करता येईल असे प्रयोगाचे इंजिन त्याने बांधले आणि कोणते इंधन किती दाब सोसते ते मोजले. त्यात एक गोष्ट ठळकपणे दिसून आली. मद्यार्क पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक दाब सोसतो. म्हणजे उसाच्या मळीपासून निघणारा तोच तो अल्कोहोल. ही गोष्ट आपण मनात ठेवू, शेवटी लागेल.

अमेरिकेत मात्र वेगळा मार्ग धरला गेला. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याने ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग पेट्रोलात घालून पाहिले आणि टकटक थांबली. चिमूटभर पुरे, स्वस्त, आणि पेटंट घेता येण्याजोगे. अल्कोहोलचे पेटंट कोण घेणार? शिसे विषारी आहे हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते, म्हणूनच बाजारात त्या पदार्थाचे नाव ‘एथिल’ ठेवले, त्यात शिशाचा उच्चार नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑइलच्या बेवे कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि तीसहून अधिक आजारी पडले. कामगार त्याला ‘वेडा गॅस’ म्हणत. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून हुंगून दाखवली. तो स्वतः काही काळापूर्वी शिशाच्या विषबाधेतून उठला होता, हे त्याने सांगितले नाही. अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी विरोध केला, परंतु १९२६ पासून शिशाचे पेट्रोल निर्वेधपणे विकले जाऊ लागले आणि त्याच्या जोरावर मोटारींचा दाब चारावरून सहा, सात, आठ असा चढत गेला. मोटारी सुधारल्या हे खरेच आहे. त्या सुधारणेची पहिली किंमत कोणी दिली, ते इतिहासाच्या पुस्तकात क्वचित छापतात. म्हणून मी या ठिकाणी थोडा रेंगाळलो.

आपल्याकडे शिसे उशिरा गेले. १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली बंद झाले. मधल्या काळात गॅरेजमधली पोरे पेट्रोलने हात धूत, तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढीत. मीही ओढले आहे.

आता मुंबईकडे वळू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली, आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन फियाट ११०० आली. तीच १९७४ पासून पद्मिनी. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने सांगितले की, इथे सुटे भाग बनवायचा कार्यक्रम नसेल तर मोटारी नुसत्या जोडून विकता येणार नाहीत. १९२८ पासून शिवडीला मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. पिस्टनांचे म्हणाल तर १९४९ साली मद्रासला इंडिया पिस्टन्स ही कंपनी निघाली होती आणि रिंगांसाठी १९५४ साली गोएत्झे. म्हणजे टॅक्सीवाल्याला देशी पिस्टन मिळू लागला तो या दहा वर्षांत. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे; प्रीमियर रोड हे नाव तेवढे राहिले. आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना मात्र ‘प्रीमियर’ म्हटले की १९७५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवतो. औद्योगिक विवाद कायद्याने दिलेला हक्क दिवाणी कोर्टात मागता येतो की नाही, याचे नियम त्या निकालाने घालून दिले. टॅक्सीच्या चालकाला तो निकाल उपयोगी नाही. त्याचे भांडण बहुधा फुटपाथवरच मिटवावे लागते.

याचे कारण टॅक्सीच्या धंद्याच्या रचनेत आहे. परवाना एकाचा, गाडी त्याची, आणि चालवणारे दुसरेच. चालक मालकाला रोजचे ठरलेले भाडे देतो, पेट्रोल स्वतःच्या पैशाने भरतो, उरेल ते त्याचे. इंजिनाचे काम निघाले तर खर्च मालकाचा. आता या वाटणीत कंप्रेशन कुठे बसते ते पाहा. दाब चांगला असला की पेट्रोल वाचते; ते चालकाच्या खिशात वाचते. चांगले पिस्टन घातले की पैसे जास्त जातात. ते मालकाच्या खिशातून जातात. म्हणून मालक हलका माल घालतो आणि ‘चालतंय ना?’ म्हणतो. उलट चालक पेट्रोलात रॉकेल मिसळतो. रॉकेल स्वस्त, पण ते दाब मुळीच सोसत नाही. टकटक सुरू होते आणि पिस्टन जातो मालकाचा. दोघेही एकमेकांच्या पदरचे खात असतात आणि मध्ये इंजिन मरते.

आता पिस्टन निवडतात कसा, तेही सांगतो, कारण सभेत पद्मिनी बाळगणारे दोघेतिघे बसलेले मला दिसताहेत. गाडी ऑइल खाऊ लागली, निळा धूर सोडू लागली, घाटात दमू लागली की इंजिन उतरवतात. सिलिंडर खालीवर सारखा झिजत नाही; वर जिथे रिंग वळते तिथे कंगोरा पडतो आणि भोक लंबगोल होते. ते पुन्हा गोल करायचे म्हणजे बोअर करायचे, आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा. ओव्हरसाइज पिस्टन टप्प्याटप्प्यांत मिळतात. मेकप्रमाणे मिलिमीटरचे भाग असतील नाहीतर इंचाच्या हजाराव्या भागांत वीस, चाळीस, साठ. इथे पहिली चूक होते. लोक आधी बोअर करतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात. आधी पिस्टन हातात घ्यावा, मायक्रोमीटरने मोजावा, आणि त्या पिस्टनाच्या मापाने बोअरिंगवाल्याला भोक करायला सांगावे. मध्ये सोडायची फट मिलिमीटरच्या वीस-पंचविसाव्या भागाइतकी. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुपटीने फुगते. फट कमी ठेवली तर पिस्टन धरतो, जास्त ठेवली तर गार इंजिनात खडखडतो.

शर्यतीच्या गाड्यांत घडीव पिस्टन घालतात, ते मजबूत असतात, पण फुगतात जास्त, म्हणून त्यांना फटही जास्त लागते. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला ओतीव पिस्टनच बरा. आमचे उस्ताद म्हणत, ‘टॅक्सीला पैलवान नको, हमाल पाहिजे.’

ओव्हरसाइजने दाब किती वाढतो? पुष्कळांना वाटते फार वाढतो. मघाचाच हिशेब घ्या. ६८ चा सिलिंडर पूर्ण १ मिलिमीटरने मोठा केला तर २७२ चे २८० होतात आणि साडेसातचा दाब ७.७ होतो, बस्स. परंतु हेडच्या तोंडावरून तोच १ मिलिमीटर घासून काढला, तर उरलेल्या ४२ घनसेंटिमीटरांतले साडेतीन जातात आणि दाब ८.१ वर चढतो. पिस्टनाचे डोके १ मिलिमीटरने उंच असले तरी तेच. म्हणजे भोकाच्या रुंदीपेक्षा डोक्याच्या उंचीकडे लक्ष हवे. पिस्टनाच्या खिळ्याच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर हे खरे माप, आणि ते दुकानात कोणीच मोजत नाही. डबी सारखी दिसली की घेतात.

आता ते भांडण. १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा गॅरेजमधून नुकताच युनियनच्या कामात ओढला गेलो होतो. एका मालकाच्या टॅक्सीचे इंजिन पुण्याच्या फेरीत खोपोलीच्या वर बसले. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनाला भोक. मालक म्हणाला, चालकाने रॉकेल घातले. इंजिनाचा खर्च त्याच्या डोक्यावर. चालकाच्या घरी लहान मुले आणि गावी म्हातारी आई. तो शपथा घेऊ लागला. मालक ओळखीतला, तो वाईट माणूस नव्हता. त्याचीही टॅक्सी कर्जावर होती. मी दोघांना घेऊन आमच्या जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी कोणाचेच ऐकले नाही. चारही पिस्टन धुऊन ओळीने मांडायला सांगितले आणि बिडी पेटवून तासभर पाहत बसले.

मग म्हणाले, रॉकेल चारही सिलिंडरांत जाते. ठोका चौघांना बसायला हवा. या तिघांच्या माथ्यावर बारीक खळगे आहेत, म्हणजे इंधन अगदी शुद्ध नव्हते. पोरा, तू थोडेफार घातले आहेस. पोरगा खाली पाहू लागला. मग त्यांनी व्हर्नियर मागवला आणि तिसरा पिस्टन मोजला. तो बाकीच्या तिघांपेक्षा १ मिलिमीटरने उंच निघाला. खालच्या बाजूचा शिक्काही वेगळा. सहा महिन्यांपूर्वी एकच पिस्टन फुटला तेव्हा मालकाने पूर्ण सेट न घेता सुटा एक बसवला होता, दुसऱ्या जातीचा. तीन सिलिंडर साडेसातवर चालत होते आणि एक आठाच्या वर. त्या काळचे साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे, त्यात रॉकेल, त्यात घाट आणि डेल्कोचे टायमिंग थोडे पुढे. चौघांपैकी ज्याला जास्त दाब, तो आधी मेला.

निवाडा निम्मा-निम्मा झाला. मालक कुरकुरला, चालकाने दोन महिने हप्ते फेडले. युनियनचा तरुण कार्यकर्ता म्हणून मला चालक पूर्ण निर्दोष ठरायला हवा होता, हे मी लपवत नाही. उस्तादांना मी वाटेत तसे म्हणालोही. ते म्हणाले, ‘मग मोजायला कशाला आणलंस?’ पिस्टन मी मागून घेतला, तो हा.

पुढची हकीकत थोडक्यात. मुंबईच्या हवेवरून स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमने उच्च न्यायालयात याचिका केली, १९९९ मध्ये लाल समिती नेमली गेली आणि नंतरच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. सीएनजी १२ दाबही आरामात सोसतो. परंतु गाडी सुरू करायला आणि पंपावर रांग असेल तेव्हा पेट्रोल लागतेच, म्हणून दाब वाढवता येईना. गॅस हवेची जागा खातो, दाब तोच जुना, त्यामुळे दम शंभरातला दहा-पंधराने घटला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल नव्हते तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारींची हीच कथा होती. शिवाय कोरड्या इंधनाने आणि शिसे गेल्याने व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्या. कडक पोलादी रिंगा बसवाव्या लागल्या. हवा सुधारली, इंधनाचा खर्चही निम्म्यावर आला, हे चालकच सांगत. बैठकांचा खर्च मालक सांगत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

आणि अल्कोहोल? १९४८ साली पॉवर अल्कोहोलचा कायदा केंद्राने केला होता, तो बहुतांशी कागदावर राहून २००० साली रद्द झाला. २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर झाले. ऑक्टेन ९५. रिकार्डोने शंभर वर्षांपूर्वी जे मोजले होते, ते आपल्या साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून पंपावर आले. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांश उष्णता कमी. दाब जास्त असलेले इंजिन ती तूट बरीचशी भरून काढते. साडेसातचे इंजिन काढू शकत नाही. जुन्या गाडीचा मालक म्हणतो, अ‍ॅव्हरेज पडले, आणि तो खोटे बोलत नाही. त्याच्या इंजिनाला ९५ ऑक्टेनचा उपयोगच करता येत नाही.

म्हणून आज जर कोणी मला विचारले, आणि गेल्या महिन्यात याच कॉलनीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारले, की हौसेने ठेवलेल्या पद्मिनीला कोणता पिस्टन घालू, तर माझे उत्तर पूर्वीपेक्षा थोडे बदलले आहे. पूर्वी मी साडेसातच्या वर जाऊ देत नसे. आता हेड सपाट करताना पाऊण ते एक मिलिमीटर गेले तरी हरकत नाही, सव्वाआठापर्यंत जावे. त्याच्या वर मात्र नको, कारण थंडगार पाण्याच्या वाटा आणि बेअरिंगे ही जुन्या काळची आहेत. पिस्टन ओतीव, चारही एका सेटचे, वजन करून घेतलेले, चौघांची उंची व्हर्नियरने तपासलेली. कार्ब्युरेटरचा जेट किंचित मोठा आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या. टायमिंग डेल्को फिरवून घाटातच लावावे, अंगणात नव्हे. त्या गृहस्थांनी पिस्टन आणले आहेत. तिघांची उंची जुळली, चौथा दुकानदाराकडे परत गेला आहे. ब्लॉक अजून बोअरिंगला दिलेला नाही. दुसरा चौथा पिस्टन येईपर्यंत देऊ नका, असे मी त्यांना सांगितले आहे.